सत्तावाटपाचं सरकार ठप्प होतं तेव्हा दुरुस्ती कुठून सुरू करावी?

प्रश्न नागपूरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासगटाचा आहे. हिवाळी अधिवेशनाच्या सुमारास ते अभिरूप घटना समिती भरवणार आहेत. यादवीतून सावरलेल्या एका काल्पनिक देशातली सत्तावाटपाची, म्हणजे आधी लढलेल्या गटांनी मिळून सरकार चालवायची, व्यवस्था त्यात दुरुस्त करायची आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: उत्तर आयर्लंड, बोस्निया, लेबनॉन, जिथे पाहावं तिथे एकेका गटाच्या नकाराधिकाराने सरकार अडतं. मग नकाराधिकारच काढून साधं बहुमत आणलं तर काय बिघडलं? आणि तो ठेवायचाच असेल, तर हात घालायचा कुठे?

साध्या बहुमताचं आधी उरकून टाकू, कारण तो प्रयोग झालेला आहे. सायप्रसच्या १९६०च्या घटनेत राष्ट्राध्यक्ष ग्रीक, उपराष्ट्राध्यक्ष तुर्की, संसदेत ३५ विरुद्ध १५ जागा, सरकारी नोकऱ्या ७० : ३०, आणि करांच्या कायद्याला दोन्ही बाजूंचं वेगवेगळं बहुमत लागे. गाडा जड होता. तुर्की सदस्यांनी कर कायदे अडवले, हेही खरं. ३० नोव्हेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष मकारिओस यांनी १३ दुरुस्त्या मांडल्या: दोघांचे नकाराधिकार रद्द, वेगळं बहुमत रद्द, नोकऱ्यांचं प्रमाण लोकसंख्येइतकं. नुसता कागद वाचला तर त्यातल्या बऱ्याच सूचना समंजस वाटतात. पण तीन आठवड्यांत, २१ डिसेंबरला, निकोसियात गोळ्या चालल्या. ती सामायिक राज्यव्यवस्था पुन्हा कधी उभी राहिली नाही. अल्पसंख्य गटाने ज्या कुलपाच्या भरवशावर करारावर सही केली, ते कुलूप समोरचा एकटाच काढायला निघाला की त्या गटाला करारच मोडल्यासारखा वाटतो. कलमांचा तपशील मग कोणी वाचत बसत नाही.

म्हणून नकाराधिकारापासून सुरुवात करू नका. आधी एक नोंदवही करा. मागच्या दहा वर्षांत सरकार किंवा सभागृह जिथे जिथे अडलं, तिथली तारीख, कोणी अडवलं, कोणत्या कलमाचा आधार घेतला, विषय काय होता, किती दिवस अडलं आणि सुटलं कसं, हे रकाने भरा. मग एक रकाना जास्तीचा: मत देऊन अडवलं, की गैरहजर राहून? हा शेवटचा रकाना बहुधा राहून जातो, आणि सगळी गोम तिथेच असते.

उत्तर आयर्लंडची वही अशी भरून पाहा. १९९८च्या करारानुसार प्रथममंत्री आणि उपप्रथममंत्री ही जोडी आहे. अधिकार अगदी सारखे, आणि एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचंही पद जातं. जानेवारी २०१७ मध्ये बॉयलर अनुदानाच्या घोटाळ्यावरून राष्ट्रवादी (एकसंध आयर्लंड मागणाऱ्या) शिन फेन पक्षाचे उपप्रथममंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि सरकार जानेवारी २०२० पर्यंत बंद पडलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युनियनवादी (ब्रिटनमध्येच राहू पाहणाऱ्या) डीयूपी पक्षाचे प्रथममंत्री पॉल गिव्हन ब्रेक्झिटनंतरच्या व्यापारी नियमांवरून बाहेर पडले. मे महिन्यात निवडणूक झाली, तरी पक्षाने पद भरायला नकार दिला, आणि सरकार आलं ते थेट ३ फेब्रुवारी २०२४ रोजी. या पाच वर्षांच्या कोंडीत एकही कायदा मतदानातल्या नकाराधिकाराने अडलेला नाही. मतदान व्हायला बहुतेक काळ सभागृहच भरत नव्हतं. अध्यक्षाच्या निवडीलाही दोन्ही समाजांचा पाठिंबा लागतो, त्यामुळे २०२२ मध्ये डीयूपीने तिथेच पाय रोवले आणि निवडून आलेले ९० सदस्य विधेयक मांडण्याच्याही स्थितीत राहिले नाहीत.

लेबनॉनमध्ये हाच खेळ राजीनाम्यांनी आणि गणपूर्तीने होतो. तिथल्या घटनेच्या कलम ६९ नुसार एक तृतीयांशाहून जास्त मंत्री गेले की सरकार पडलं असं धरतात. २००८च्या दोहा समझोत्यात ३० मंत्र्यांपैकी ११ विरोधी गटाला मिळाले, म्हणजे बरोब्बर एक तृतीयांश अधिक एक. १२ जानेवारी २०११ रोजी ११ राजीनामे आले आणि पंतप्रधान साद हरिरी वॉशिंग्टनमध्ये असतानाच त्यांचं सरकार गेलं. राष्ट्राध्यक्षाच्या निवडीत पहिल्या फेरीनंतर १२८ पैकी ६५ मतं पुरतात, पण सभागृहात हजर मात्र ८६ लागतात. पहिली फेरी झाली की एक गट उठून जायचा. ऑक्टोबर २०२२ अखेरपासून ९ जानेवारी २०२५ पर्यंत देशाला राष्ट्राध्यक्ष नव्हता.

माझं स्पष्ट मत: कायद्यावर नकार देण्याचा अधिकार ठेवा, घराबाहेर राहून घर बंद पाडण्याचा अधिकार आधी काढा. हे तुलनेने सोपंही आहे, कारण संरक्षण म्हणून कुठल्याच गटाला ते उघडपणे मागता येत नाही. "आम्हाला न आवडणारा कायदा थांबवता यावा" ही मागणी पटते. "आम्ही आलो नाही तर दवाखानेही चालू नयेत" ही मागणी कोणी तोंडाने मांडत नाही, गुपचूप वापरतात.

यासाठी मसुद्यात चार खिळे ठोकावे लागतात.

पहिला, पद नाकारणाऱ्या पक्षाचा हक्क पुढच्या पक्षाकडे जावा. ठरलेल्या दिवसांत नाव दिलं नाही, तर त्याच समाजातला पुढचा मोठा पक्ष, त्यानेही नाकारलं तर सभागृहात दोन तृतीयांश पाठिंबा मिळवणारी कोणतीही जोडी. हा खिळा नसला की बाकीचे तिन्ही लटके पडतात. उत्तर आयर्लंडसाठी ब्रिटनच्या २०२२च्या कायद्याने सरकार बनवायची मुदत वाढवली: सहा-सहा आठवड्यांचे टप्पे, एकूण २४ आठवडे, तोवर जुने मंत्री काळजीवाहू. पण मुदत संपल्यावर काय, तर पुन्हा निवडणूक. पुन्हा निवडणुकीत तीच माणसं त्याच आकड्यांनी येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून लंडनने नवे कायदे करून मुदतच पुढे ढकलत नेली. आमदारांचा पगार २७.५ टक्के कापला, त्यानेही कोणी परत आलं नाही. ज्या शिक्षेने अडवणाऱ्याचं काही जात नाही, ती मसुद्यात लिहून शाई वाया घालवू नये. पद प्रतिस्पर्ध्याकडे जाणार असेल तर मात्र माणूस वेळेवर येतो.

दुसरा, अध्यक्ष आणि समित्यांचे प्रमुख यांची निवड सरकार स्थापनेपासून तोडा. सरकार नसलं तरी सभागृह बसलं पाहिजे, प्रश्न विचारले गेले पाहिजेत, हिशेब तपासला गेला पाहिजे.

तिसरा, पैसा. अर्थसंकल्प मंजूर झाला नाही तर मागच्या वर्षीच्या रकमेच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत महिन्यागणिक खर्च आपोआप चालू राहावा. टक्का १००च्या खालीच ठेवा. पूर्ण रक्कम मिळत राहिली की सरकार बनवायची निकड संपते, फार कमी केली तर शाळा-दवाखाने ओलीस जातात. ९० टक्क्यांच्या आसपासचा आकडा धरून वाद घाला, आणि पगार, निवृत्तिवेतन, औषधं त्या कपातीतून वगळा.

चौथा खिळा अधिकाऱ्यांचा, आणि तो हमखास राहून जातो. मंत्री नसताना सचिवाने कोणते निर्णय घ्यायचे? उत्तर आयर्लंडमध्ये मंत्र्यांविना एका खात्याने कचरा जाळण्याच्या मोठ्या प्रकल्पाला परवानगी दिली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१८ मध्ये ती परवानगी रद्द ठरली, कारण असा निर्णय मंत्र्याचाच. त्यानंतर प्रत्येक सचिव सही करायला कचरू लागला आणि त्याच वर्षी लंडनला वेगळा कायदा करावा लागला. खुर्ची रिकामी राहिली की अधिकार हवेत विरत नाही, दुसरीकडे जातो. समलिंगी विवाहाचा प्रश्न उत्तर आयर्लंडच्या राजधानीत, बेलफास्टमध्ये, सुटला नाही, तो २०१९ मध्ये वेस्टमिन्स्टरने (ब्रिटिश संसदेने) कायदा करून सोडवला, आणि तो अडवू पाहणाऱ्या डीयूपीला बंद सभागृहात काहीच करता आलं नाही.

आता नकाराधिकाराकडे वळू. इथे छाटणी करायची, मुळावर घाव नाही.

उत्तर आयर्लंडमध्ये ३० सदस्यांनी सह्या केल्या की कोणताही ठराव दुहेरी बहुमताच्या मतदानात जातो, म्हणजे दोन्ही समाजांचा वेगवेगळा पाठिंबा लागतो. मूळ हेतू एका समाजावरचा अन्याय थांबवण्याचा होता. पण कलमात विषयाची मर्यादा नव्हती, कारण देण्याची सक्ती नव्हती, आणि १०८ जणांच्या सभागृहात एखाद्या मोठ्या पक्षाकडे एकट्याकडे ३० सह्या असायच्या. मग ते हत्यार कशालाही वापरलं गेलं. २०१५ मध्ये समलिंगी विवाहाचा ठराव काठावरच्या बहुमताने जिंकूनही डीयूपीच्या अर्जामुळे पडला, आणि त्याच वर्षी राष्ट्रवादी पक्षांनी कल्याण योजनांच्या कपातीचं विधेयक अशाच अर्जाने पाडलं. यातला कोणता विषय धर्माधारित समाजाच्या अस्तित्वाचा होता? कोणताच नाही. २०१७ मध्ये सभागृह ९० जणांचं झालं आणि ३० सह्या जमवणं आपोआप अवघड झालं. २०२०च्या समझोत्याने आणखी अटी घातल्या: किमान दोन पक्षांच्या सह्या आणि १४ दिवसांचा विचारकाळ.

बोस्नियात याहून वाईट घडलं. 'महत्त्वाचे राष्ट्रीय हित' हा शब्दप्रयोग राज्यघटनेत आहे, त्याची व्याख्या नाही. पण तिथे खरी अडवणूक दुसऱ्याच दारातून होते. कनिष्ठ सभागृहातल्या ४२ सदस्यांपैकी २८ बोस्नियाक (बोस्नियन मुस्लीम) आणि क्रोएट यांच्या फेडरेशनमधून आणि १४ सर्ब प्रजासत्ताकातून, अशा देशाच्या दोन भागांतून येतात, आणि प्रत्येक निर्णयाला दोन्ही भागांतल्या किमान एक तृतीयांश मतांची गरज असते. ती मिळाली नाही तर तीन दिवसांत तडजोड, तीही फसली तर एका भागाच्या दोन तृतीयांश सदस्यांनी विरोध केला की निर्णय मेला. म्हणजे १४ पैकी १० जण देशातला कोणताही कायदा थांबवू शकतात, आणि यासाठी कोणतंही हित धोक्यात असल्याचं सांगावंही लागत नाही. न बोलता वापरता येणारा नकाराधिकार असला की बोलून वापरायचा कोण वापरेल? दुरुस्ती करताना दोन कुलपांपैकी हे मुकं कुलूप आधी काढावं आणि कारण सांगावं लागणारं ठेवावं.

उत्तर मॅसिडोनियाचा २००१चा ओह्रिड करार या बाबतीत सर्वांत नेटका वाटतो. तिथे दुहेरी बहुमत लागतं ते यादीतल्या विषयांनाच: भाषा, शिक्षण, संस्कृती, ओळखपत्रं, चिन्हांचा वापर, स्थानिक स्वराज्य. बाकी बहुतेक कायदे साध्या बहुमताने. एखादा विषय यादीत बसतो की नाही यावर भांडण झालं तर समाज-संबंध समिती ठरवते. बेल्जियममध्ये युद्धोत्तर परिस्थिती नाही, तरी तिथली एक कळ उचलण्यासारखी आहे. एका भाषागटाच्या तीन चतुर्थांश सदस्यांनी सही केली की विधेयक थांबतं आणि मंत्रिमंडळाला ३० दिवसांत मत द्यावं लागतं. हे थांबवणं आहे, मारणं नाही. १९८५ आणि २०१०, दोनदाच ही कळ दाबली गेली.

तुमच्या मसुद्यात म्हणून हे असू द्या: विषयांची बंद यादी, दोन पक्षांच्या सह्या, कोणत्या कलमाने कोणाचं काय नुकसान होतं याचं लेखी कारण, १४ ते ३० दिवसांचा थांबा, आणि यादीबाबतच्या वादावर निवाडा देणारी ठरलेली संस्था. निवाड्यालाही मुदत घाला. मुदत नसलेला लवाद हा आणखी एक नकाराधिकारच.

आकड्यांचं गणित हाताने करून बघा, नाहीतर कागदावर सुंदर दिसणारा नियम सभागृहात काहीच बदलत नाही. उत्तर आयर्लंडच्या २०२२च्या निवडणूक निकालावर हे करू. युनियनवादी ३७ (डीयूपी २५, यूयूपी ९, इतर ३), राष्ट्रवादी ३५ (शिन फेन २७, एसडीएलपी ८), आणि दोन्हींत नसलेले १८ (त्यात अलायन्स १७). सध्याच्या भारित बहुमताला सगळे हजर असतील तर ५४ मतं लागतात, शिवाय दोन्ही समाजांतले ४० टक्के, म्हणजे १५ युनियनवादी आणि १४ राष्ट्रवादी. आता डीयूपी विरोधात गेली तर उरलेले युनियनवादी १२. पंधरा होत नाहीत. म्हणजे मऊ वाटणाऱ्या ४० टक्क्यांच्या नियमातही एकच पक्ष सगळं अडवतो.

त्याऐवजी समाजाची गणती न करता नुसतं दोन तृतीयांश ठेवलं तर ६० मतं लागतील. राष्ट्रवादी आणि तटस्थ मिळून ५३. युनियनवादी आणि तटस्थ मिळून ५५. दोन्ही साठाच्या आत, म्हणजे कोणत्याच समाजाला पूर्ण डावलून काही करता येत नाही. अडवायला ३१ लागतात: डीयूपीकडे २५, शिन फेनकडे २७. एकटा पक्ष अडवू शकत नाही, पण डीयूपी-यूयूपी मिळून ३४ किंवा शिन फेन-एसडीएलपी मिळून ३५ अडवू शकतात. दोन पक्षांच्या सह्यांची अट जे काम करते, तेच इथे गणित करतं, आणि तटस्थ सदस्याचं मत पूर्ण मत म्हणून मोजलं जातं. खोट एकच: उद्या एखादा समाज ३१च्या खाली घसरला तर त्याचं संरक्षण गेलं. म्हणून अध्यक्ष, सरकार, अर्थसंकल्प यांना दोन तृतीयांश, आणि यादीतल्या मोजक्या विषयांना दुहेरी बहुमत, अशी विभागणी करा. एकच आकडा सगळीकडे चालवू नका.

यातून ओळखीच्या नोंदणीचा प्रश्न येतो, आणि दीक्षाभूमीच्या शहरात तो समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. बेलफास्टमध्ये सदस्याने पहिल्या दिवशी युनियनवादी, राष्ट्रवादी की इतर हे लिहून द्यायचं. 'इतर'चं मत दुहेरी बहुमतात अर्धवटच मोजलं जातं. नोव्हेंबर २००१ मध्ये प्रथममंत्रिपदाच्या निवडीत यूयूपीचे डेव्हिड ट्रिंबल यांना सभागृहात ७० टक्क्यांहून जास्त पाठिंबा असूनही युनियनवाद्यांत २९ विरुद्ध ३० झाले आणि ते पडले. चार दिवसांनी अलायन्सच्या तीन सदस्यांनी कागदावर स्वतःला युनियनवादी म्हणवून घेतलं आणि निवड पार पडली. व्यवस्था वाचली, पण तिचं हसं झालं. पुढे असा बदल करायला कायद्याने आडकाठी घातली गेली.

बोस्नियातला पेच पुणे कराराच्या वाचकाला लगेच ओळखू येईल. १९३२च्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना ७१ राखीव जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ होते. पुणे करारात १४८ जागा झाल्या, मतदार संयुक्त झाले, आणि त्याआधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांची प्राथमिक निवड करायची असं ठरलं. अखेरची निवड बहुसंख्य मतदारांच्या हाती जाते, ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तक्रार नंतरही कायम राहिली. बोस्नियाच्या तीन सदस्यांच्या राष्ट्राध्यक्षमंडळात क्रोएट सदस्याची जागा आहे, पण फेडरेशनमधला कोणताही मतदार बोस्नियाक किंवा क्रोएट यांपैकी कोणत्याही एका जागेसाठी मत देऊ शकतो. बोस्नियाकांची संख्या कितीतरी जास्त. झेल्को कोमशिच २००६, २०१०, २०१८ आणि २०२२ मध्ये क्रोएट सदस्य म्हणून निवडून आले, आणि ते आमच्या मतांनी आले नाहीत हा मुख्य क्रोएट पक्षाचा आक्षेप आहे. उलट बाजूला यहुदी याकोब फिन्सी आणि रोमा समाजाचे डेर्वो सेजदिच यांना या पदासाठी उभंच राहता येत नाही. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २२ डिसेंबर २००९ रोजी हे भेदभावाचं ठरवलं. पंधरा वर्षं उलटली तरी दुरुस्ती झालेली नाही, कारण तिथे दोन वेगळ्या मागण्या एकमेकींना पाय अडकवून पडल्या आहेत: एकाला दार सर्वांना उघडायचं आहे, दुसऱ्याला आपल्या खोलीत फक्त आपल्याच मतदारांनी प्रवेश द्यावा असं वाटतं. या दोन्ही एकाच विधेयकात घातल्या की दोन्ही बुडतात. वेगळ्या करा. उमेदवारीची अट आधी काढा, तिला विरोध करणं अवघड असतं. मतदानाच्या पद्धतीत पुणे करारासारखी दोन पायऱ्यांची चाळणी किंवा प्रत्येक भागातून किमान मतांची अट, यावर सावकाश घासाघीस करा.

खातेवाटपाला हात लावू नका. द'हॉन्ट पद्धत उत्तर आयर्लंडमध्ये बिनबोभाट चालते. पक्षाच्या जागा भागिले (आधी मिळालेली खाती अधिक एक), ज्याचा भागाकार मोठा त्याची निवड. २०२४ मध्ये न्याय खातं वेगळ्या मतदानाने अलायन्सकडे गेलं आणि ते हिशेबात धरलं गेलं, म्हणजे अलायन्सची सुरुवात १७ भागिले २, ८.५ पासून. मग २७, २५, १३.५, १२.५, ९, ९, ८.५ असा क्रम लागतो: शिन फेन तीन, डीयूपी दोन, यूयूपी एक, अलायन्स एक. एसडीएलपीचे ८ राहिले आणि ती विरोधात बसली. कोणाच्या मनधरणीची गरज पडत नाही. २०१६ पासून अधिकृत विरोधी पक्षाची तरतूद आहे, ती मात्र जरूर घ्या. सगळेच सरकारात असले तर तपासायचं कोणी?

सर्वोच्च पदांची नावं आणि क्रम शेवटी ठेवा. २००६च्या सेंट अँड्र्यूज समझोत्याने संयुक्त मतदान काढून नामनियुक्ती आणली. हेतू चांगला होता: एकमेकांना मत द्यायची नामुष्की टळावी. परिणाम असा झाला की प्रत्येक निवडणूक 'पहिलं पद कोणाचं' याची शर्यत बनली, आणि दोन पदांचे अधिकार सारखे असूनही 'उप' या शब्दासाठी मतदार मोठ्या पक्षांमागे गोळा झाले. दोघांनाही 'संयुक्त प्रथममंत्री' म्हणण्याने खर्च शून्य आणि तणाव निम्मा. पण प्रतीकाचं भांडण आधी काढलंत तर बाकीच्या कामाला दिवसच उरणार नाही.

आता सगळ्यांत चिवट अडचण. दुरुस्ती त्याच कुलपातून जावी लागते, जे दुरुस्त करायचं आहे. बोस्नियात एप्रिल २००६ मध्ये घटनादुरुस्तीला ४२ पैकी २८ मतं हवी होती, २६ पडली. वर्षभराची बोलणी दोन मतांनी गेली. मात्र त्याच वर्षी, १ जानेवारी २००६ रोजी, दोन मोठी कामं तिथेच पार पडली होती. संपूर्ण देशाला १७ टक्क्यांचा एकच मूल्यवर्धित कर आणि एका खात्यात जमा होणारा महसूल सुरू झाला, आणि दोन वेगळी सैन्यं एक झाली. ही दोन्ही घटनेचं एकही कलम न बदलता झाली, दोन्ही भागांनी आपले अधिकार कायद्याने वर सोपवून. सैन्यात तीन पायदळ रेजिमेंटना आपापला वारसा आणि चिन्हं ठेवू दिली, हुकूम देणारा मात्र एक. समोर नाटोच्या भागीदारीचं दार होतं, तेही कामी आलं. १९९८ मध्ये गाड्यांच्या पाट्या बदलल्या. आपल्याकडे एमएच ३१ दिसलं की गाडी नागपूरची हे कळतं. तिथे गाव कळलं तर काचा फुटायच्या. म्हणून गावाचा उल्लेख काढला आणि रोमन व सिरिलिक दोन्ही लिप्यांत सारखी दिसणारी सातच अक्षरं वापरली. शांतता करारावर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधीने लादलेला निर्णय होता, पण लोक दुसऱ्या भागात गाडी घेऊन जाऊ लागले. घटनादुरुस्तीची वाट बंद असेल तर साधा कायदा, सभागृहाचे नियम, करार आणि असे चिल्लर हुकूम यांतून किती होतं ते आधी मोजा. नोंदवहीतल्या निम्म्या कोंड्या अशाच सुटू शकतात.

मुदतीचं कलम घालायचं असेल तर दक्षिण आफ्रिकेचं बघा. १९९३च्या हंगामी घटनेत ४०० पैकी २० जागा असणाऱ्या पक्षाला मंत्रिमंडळात वाटा, ८० जागांना उपराष्ट्राध्यक्षपद, आणि सगळं पाच वर्षांपुरतं. नॅशनल पार्टी १९९६ मध्येच बाहेर पडली, तरी काही कोसळलं नाही, कारण जाणाऱ्या व्यवस्थेच्या जागी दुसरा आधार आधीच उभा होता: ३४ घटनात्मक तत्त्वं आणि ती तपासणारं न्यायालय. त्या न्यायालयाने सप्टेंबर १९९६ मध्ये पहिला मसुदा परतही पाठवला. लेबनॉनने १९८९ मध्ये पंथवाद संपवण्यासाठी राष्ट्रीय समिती नेमायचं लिहिलं. समितीचं काम संपण्याची तारीख नाही, नेमलं नाही तर काय याचा उल्लेख नाही. ती कधी कामाला लागलीच नाही. बुरुंडीने २०१८ मध्ये नेहमीच्या कायद्यांना लागणारं दोन तृतीयांश बहुमत साध्या बहुमतावर आणलं आणि ६० : ४०चं हुतू-तुत्सी प्रमाण ठेवलं. खुर्च्या तशाच, पण त्या खुर्च्यांतून कोणाला अडवण्याची ताकद गेली. सुधारणेच्या नावाखाली हे होतंय का, ते विचारायला विसरू नका.

कलमाची भाषा किती महत्त्वाची, याचं उदाहरण विदर्भाबाहेर शोधायला नको. इथे युद्ध झालेलं नाही, तुलना तेवढ्यापुरतीच. २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर करारात निधीचं न्याय्य वाटप, नोकऱ्यांत वाटा आणि वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात, अशी आश्वासनं होती. १९५६ मध्ये कलम ३७१(२) आलं. त्यात राष्ट्रपती विकास मंडळांबाबत राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवू 'शकतील' असं आहे, 'सोपवतील' असं नाही. मंडळं आली १९९४ मध्ये, ३८ वर्षांनी, आणि त्यांची वाढवत आणलेली मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली तेव्हा ती थांबली. अधिवेशन मात्र, करोनाकाळासारखे अपवाद सोडले तर, भरत आलं. का? सिव्हिल लाइन्समध्ये आमदार आले की नाही हे रस्त्यावरच्या चहावाल्यालाही दिसतं. न्याय्य वाटा मिळाला की नाही हे सांगायला समिती लागते, आणि समितीचा अहवाल फेटाळता येतो.

तुमच्या मसुद्यातलं प्रत्येक कलम या चाळणीतून काढा. 'शक्यतो', 'योग्य तो', 'सल्लामसलतीने', 'करू शकेल' हे शब्द लाल शाईने गोल करा. प्रत्येक गोलापुढे तीन गोष्टी लिहा: किती दिवस, मोजणार कोण, आणि झालं नाही तर अधिकार कोणाकडे जाईल. तिसऱ्याचं उत्तर सुचत नसेल तर ते कलम उद्देशिकेत हलवा. मग समितीतल्या एका गटाला फक्त अडवण्याचं काम द्या: त्यांनी राजीनामे द्यावेत, गणपूर्ती मोडावी, अध्यक्षाची निवड रोखावी, अर्थसंकल्पाच्या दिवशी सभात्याग करावा. प्रत्येक डावानंतर सरकार किती दिवस बंद राहतं ते घड्याळ लावून मोजा. पहिल्या मसुद्यात हा आकडा बहुधा अनंत येईल, आणि तो कोणत्या कलमामुळे येतो ते त्याच दिवशी कळेल.